पैलतीरावरचे गाणे

सुट्टीत आमच्याकडे आलेला पुतण्या मध्यरात्र उलटली तरी पडद्यासमोर बसलेला दिसला. त्याला दटावण्यासाठी आम्ही खोलीत गेलो, आणि तेथेच बसून राहिलो.

खेळ २०१० सालचा, 'रेड डेड रिडेम्प्शन'. काळ १९११, स्थळ अमेरिका व मेक्सिको यांची सरहद्द. जॉन मार्स्टन हा पूर्वीचा दरोडेखोर सरकारी माणसांच्या ताब्यातील बायकोमुलास सोडविण्यासाठी आपल्याच जुन्या सोबत्यांच्या मागावर आहे. तराफ्यावरून नदी ओलांडताना गोळीबार होतो, माणसे पडतात. पैलतीरी तो घोड्यावर बसतो आणि होसे गोन्झालेस याचे एक संथ गीत सुरू होते. एरवी घोडा चौखूर उधळणाऱ्या पुतण्याने तो चालीवर आणला. आपण सारी बदलीची माणसे; अनोळखी मुलखातील पहिल्या संध्याकाळचे एकाकीपण आपणांस परके नाही. आम्ही हेलावलो.

परंतु लगेच मनात आले, आताच एवढी माणसे पडली, आणि आमचे डोळे पाणावले ते मारणाऱ्यासाठी! मेलेले खोटे होते, हे उत्तर आम्हांस पुरत नाही. कारण आमचा गहिवर खोटा नव्हता.

सर्जिओ लिओनेच्या चित्रपटांतही एन्निओ मॉरिकोनेचे संगीत बंदुकबाजांना भव्यता देते. तेथे मात्र प्रेक्षक निव्वळ साक्षी असतो. येथे चाप ओढणारे बोट आपलेच. शिवाय या खेळाचे संगीत त्या बोटाच्या आज्ञेत आहे. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी त्याचा बहुतेक भाग मिनिटाला १३० ठोके या एकाच गतीत आणि 'ए मायनर' या एकाच स्वरमालेत रचला. तंबोरा एकदा जुळवून ठेवावा तसे हे. मग कोणताही थर केव्हाही येऊन मिळतो. भटकंतीत विरळ सूर, चकमक उडाली की तालवाद्ये. आमच्याकडचा तबलजी गवयाची तान फसली तर निदान भुवई तरी उंचावतो. हा साथीदार कोणत्याच कृत्याला नापसंती दाखवीत नाही. रसिकतेला अशी निमूट साथ मिळावी, हे आम्हांस सुखाचे वाटत नाही.

तरीही त्या गाण्यापुरती पुतण्याची बंदूक म्यानात होती, हेही आम्ही पाहिले.

"काका, आवाज कमी करू का?" त्याने विचारले.

आम्ही नको म्हणालो.