पुढे पाठविलेल्या शब्दाची जबाबदारी



अल्लाहने मानवाला ज्या असंख्य देणग्या दिल्या, त्यांत वाणीचे स्थान फार वरचे आहे. सूरह अर्-रहमानच्या अगदी आरंभी मानवाच्या निर्मितीचा उल्लेख येतो आणि त्याच्या लगोलग त्याला बोलणे शिकविल्याचा. जी देणगी इतकी मोठी, तिची विचारणाही तितकीच मोठी असणार. म्हणूनच जिभेच्या वापराविषयी आपल्या दीनमध्ये वारंवार ताकीद आढळते. परंतु आज आपले बोलणे जिभेपुरते राहिलेले नाही. दिवसभरात आपण तोंडाने जितक्या लोकांशी बोलतो, त्याच्या कित्येक पट लोकांपर्यंत आपला अंगठा पोहोचतो. तेव्हा प्रश्न असा की, जो मजकूर आपण लिहिलेला नाही, केवळ एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे पाठविला, त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल काय?

शब्द महाग होता तेव्हा

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे पाहू. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील आपली कित्येक घरे आखातातील कमाईवर उभी राहिली. घरचा कर्ता पुरुष दुबईत किंवा कुवेतमध्ये असे आणि त्याची खुशाली कळायला आठवडे लागत. गावी येणारा कोणी भेटला, तर त्याच्या हाती पत्र आणि आवाज भरलेली कॅसेट पाठविली जाई. ती कॅसेट सारे घर एकत्र बसून ऐके. पुढे एसटीडी-आयएसडीची पिवळी पाटी गावोगाव लागली. तिथे रांगेत उभे राहून, मीटरवर पळणाऱ्या आकड्यांकडे पाहत माणसे बोलत. काय सांगायचे ते घरून ठरवून निघावे लागे, कारण प्रत्येक शब्दाला दाम होता.

मोबाईल आला तोही महागच. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिले संभाषण केले, तेव्हा त्या यंत्राचे वजन सुमारे एक किलो होते. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत पहिला मोबाईल फोन लावला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. म्हणून तर ‘मिस्ड कॉल’ची एक स्वतंत्र भाषा आपल्याकडे तयार झाली. एक घंटी म्हणजे ‘पोहोचलो’, दोन घंट्या म्हणजे ‘तू फोन कर’. २००३ मध्ये आलेला फोन निःशुल्क झाला. २०१६ नंतर इंटरनेटचे दर इतके कोसळले की, संदेशाला किंमत अशी उरलीच नाही.

ही स्वस्ताई अल्लाहची मोठी कृपा आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या बापाने आपल्या मुलाचे पहिले पाऊल कधी पाहिले नाही, त्याचाच मुलगा आज परदेशात असूनही आपल्या लेकराशी रोज समोरासमोर बोलतो. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा छपरावर अडकलेल्यांचा ठावठिकाणा कळविण्याचे साधन कित्येकांपाशी हाच फोन होता. यंत्र स्वतः चांगले नसते आणि वाईटही नसते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शब्द महाग होता, तेव्हा पैसाच आपल्याला थांबवून विचारी की, हे सांगणे खरोखर आवश्यक आहे का? आता तो प्रश्न विचारणारा बाहेर कोणी उरला नाही. तो आपल्या ईमानानेच विचारायला हवा.

‘मी लिहिले नाही’ ही पळवाट

एखादी खोटी बातमी कोणी पुढे पाठविली आणि त्याला हटकले की, ठरलेले उत्तर येते, “मी कुठे लिहिले? आले तसे पाठविले.” हे उत्तर जरा तपासून पाहू.

खोटा मजकूर रचणारा माणूस कोण असतो? तो तुम्हाला ठाऊक नसतो, मलाही नसतो. तो अनोळखी इसम आपल्या दारात येऊन तेच सांगू लागला, तर आपण त्याला घरातही घेणार नाही. मग त्याच्या शब्दावर विश्वास कोणाच्या बळावर बसतो? तो मजकूर मामूंकडून आला म्हणून, शाळेतल्या सरांकडून आला म्हणून, मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहणाऱ्या चाचांकडून आला म्हणून. खोटे रचणाऱ्यापाशी सर्व काही असते, केवळ पत नसते. ती पत त्याला आपण उसनी देतो. वर्षानुवर्षांच्या सचोटीने कमावलेला आपला विश्वास आपण क्षणार्धात एका अनोळखी लबाडाच्या पदरात टाकतो, आणि वर म्हणतो की, आमचा त्यात हात नाही!

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर ही पळवाट आधीच बंद करून ठेवली आहे. सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आलेल्या हदीसचा आशय असा की, माणूस खोटा ठरण्यास एवढे पुरेसे आहे की, त्याने ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटावे. त्याने काही रचावे, अशी अटही इथे नाही. न पारखता पोहोचविणे हेच खोटेपणात मोजले गेले.

मदीनेतील तो एक महिना

पुढे पाठविलेल्या शब्दाने काय घडते, याचा सर्वांत वेदनादायक प्रसंग प्रेषितांच्या (स.) स्वतःच्या घरातला आहे. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) हरवलेला हार शोधण्यासाठी मागे राहिल्या. काफिला निघून गेला. मागून येणारे हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून, स्वतः पायी चालत काफिल्यापर्यंत सुखरूप आणले. एवढ्यावरून दांभिकांनी कुभांड रचले. रचणारे मूठभर होते, पण मदीनेत ते पसरत गेले आणि त्यात काही सच्च्या मुसलमानांच्या जिभाही सापडल्या. बद्रच्या लढाईत सामील झालेले हजरत मिस्तह (रजि.) त्यांपैकीच एक होते. सुमारे महिनाभर ते घर दुःखात होरपळत राहिले. त्यानंतर सूरह अन्-नूरच्या आयती अवतरल्या आणि हजरत आयशा (रजि.) यांचे निर्दोषत्व अल्लाहने स्वतः जाहीर केले.

त्या आयतींमध्ये दोष केवळ रचणाऱ्यांना दिलेला नाही. पंधराव्या आयतीत पोहोचविणाऱ्यांना उद्देशून सांगितले आहे की, ज्याचे ज्ञान तुम्हाला नव्हते ते तुम्ही एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर नेत होता, त्याला क्षुल्लक समजत होता, आणि अल्लाहपाशी ती गोष्ट फार गंभीर होती. वाचकहो, ‘क्षुल्लक समजणे’ हाच आपल्या आजच्या रोगाचा गाभा आहे. पाठविणाऱ्याला ते पाप वाटतच नाही. चहा पिता पिता, बसची वाट पाहता पाहता ते घडून जाते.

याच प्रसंगात हजरत जैनब (रजि.) यांचे वर्तन दीपस्तंभासारखे आहे. त्या प्रेषितांच्या (स.) पत्नी होत्या आणि हजरत आयशांच्या बरोबरीचे स्थान राखणाऱ्या होत्या. त्यांना विचारले गेले, तेव्हा चार शब्द विरोधात बोलण्याची संधी समोर होती. परंतु आपण आपले कान व डोळे जपतो आणि आयशांविषयी भल्यावाचून काहीही आपल्याला ठाऊक नाही, असेच त्यांनी सांगितले. कुटुंबाच्या ग्रुपवर एखाद्या मुलीविषयी कुजबुज येते, कोणाच्या मोडलेल्या निकाहाची चर्चा रंगते, खासगीत लिहिलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट फिरू लागतो, त्या वेळी आपल्या घरांतील स्त्री-पुरुषांनी हे उत्तर आठवावे. खासगीत झालेले बोलणे ही अमानत असते. तिचा स्क्रीनशॉट काढून वाटणे ही त्या अमानतीत खयानत आहे.

भीतीची बातमी

दुसरी सबब अशी की, “खरे-खोटे माहीत नाही, पण लोक सावध तर राहतील!” ही सबब वरकरणी सद्हेतूची आहे, म्हणूनच ती अधिक घातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात मोबाईलवरून फिरत होत्या. ज्यांनी तो संदेश पुढे पाठविला, त्यांतील बहुतेकांना आपण मुलांचे रक्षण करीत आहोत, असेच वाटले असेल.

सूरह अन्-निसाच्या ८३ व्या आयतीत नेमक्या याच वर्तनाची निंदा आहे. शांततेची वा भयाची वार्ता हाती येताच ती पसरवीत सुटणारे लोक तिथे दाखविले आहेत, आणि ती वार्ता जबाबदार व जाणत्या लोकांकडे न्यावयास हवी होती, असे शिकविले आहे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे आणि त्याचे कारणही दिले आहे. अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचू नये आणि मागाहून पश्चात्तापाची पाळी येऊ नये, हे ते कारण. राईनपाड्याच्या पाच घरांना कोणाच्याही पश्चात्तापाने काय परत मिळाले?

अफवेची झळ आपल्या समाजाने स्वतःही सोसली आहे. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत खोट्या चित्रफिती फिरल्या आणि हातगाडीवर भाजी-फळे विकणाऱ्या गरीब मुसलमानांना वस्त्यांमध्ये अडविले गेले. ज्याने हा अन्याय भोगला, त्याने दुसऱ्या कोणत्याही समाजाविषयीची ऐकीव बातमी पसरविताना आधी स्वतःचे ते दिवस आठवावेत. आपल्याविषयीचे खोटे तेवढे अन्याय आणि दुसऱ्याविषयीचे खोटे ती केवळ बातमी, हा न्याय इस्लामचा नाही.

दीनच्या नावावर

तिसरा प्रकार तर आपल्याच घरचा आहे. “हा संदेश दहा जणांना पाठवा, खुशखबर मिळेल”, “अमुक दुआ पाठविली नाही तर नुकसान होईल”, आणि खाली हदीस म्हणून एखादे वाक्य. त्याला ना ग्रंथाचे नाव, ना कथन करणाऱ्याचे. सवाब मिळेल या आशेने आपण ते पाठवितो. प्रेषितांच्या (स.) नावावर जाणूनबुजून असत्य खपविणाऱ्याचे ठिकाण नरकात आहे, ही हदीस मात्र विसरतो.

ज्या उम्मतने जगाला इसनादची शिस्त दिली, तिच्यावर ही वेळ यावी, हे खेदजनक आहे. इसनाद म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी. कोणी कोणाकडून ऐकले, तो सत्यवचनी होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे सारे तपासल्याखेरीज हदीसच्या विद्वानांनी एक वाक्यही स्वीकारले नाही. सहीह बुखारीत उल्लेख आहे की, हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी एका हदीससाठी हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्यापर्यंत एक महिन्याचा प्रवास केला. एका हदीससाठी एक महिना! आणि आपल्याला ग्रंथाचे नाव शोधायला दोन मिनिटेही जड वाटतात.

मग करावे काय?

२०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जागीच पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. कंपनीने तिच्या परीने कुंपण घातले. पण कुंपण संख्येला असते, हेतूला नसते. आपले कुंपण आपल्यालाच घालावे लागेल. काहीही पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे मला कोणाकडून कळले आणि त्याला कोणाकडून? हे खरे असले तरी सांगण्याने कोणाचे भले होईल? आणि ज्याच्याविषयी हे आहे तो समोर बसला असता, तर मी हे बोललो असतो काय? उत्तर सापडले नाही तर थांबावे. न पाठविलेल्या संदेशाबद्दल फारच क्वचित पस्तावण्याची वेळ येते.

आणि चूक घडून गेलीच तर? केवळ आपल्या फोनमधून संदेश पुसल्याने ती पुसली जात नाही, कारण तो आता इतरांच्या हाती आहे. ही बाब बंद्यांच्या हक्कांची आहे. ज्या ज्या ठिकाणी खोटे पाठविले, त्या त्या ठिकाणी “मी पाठविलेले असत्य होते” असे स्पष्ट लिहावे आणि ज्याची बदनामी झाली त्याची माफी मागावी. यात मान खाली जाते खरी. पण कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येणाऱ्या आणि लोकांवर केलेल्या आळापायी सारी पुण्याई त्यांना देऊन रिकाम्या हाती उरणाऱ्या त्या दिवाळखोराचे वर्णन ज्याने हदीसमध्ये वाचले आहे, त्याला इथली नामुष्की फार हलकी वाटेल.

सूरह यासीन आपल्या घरांत मोठ्या आस्थेने पठण केली जाते. तिच्या बाराव्या आयतीत सांगितले आहे की, माणसांनी जे पुढे पाठविले आणि ज्या खुणा मागे ठेवल्या, त्या सर्वांची नोंद होत आहे. आणि ६५ व्या आयतीत त्या दिवसाचे वर्णन आहे, ज्या दिवशी तोंडे बंद केली जातील आणि हात बोलू लागतील. ‘मी काही बोललो नव्हतो’ असे म्हणणाऱ्याचे बोटच त्या दिवशी बोलेल.

अल्लाह आपल्या जिभांना आणि हातांना सत्यावर ठेवो आणि आपण पुढे पाठवू ते आपल्यासाठी भले ठरो. आमीन.