दूरस्थ सल्ल्याचे दान

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या गोंड-कोलाम वस्त्यांत काम करणाऱ्या डॉक्टरास सर्वांत जाचते ते एकटेपण. जगभरच्या अशा डॉक्टरांसाठी लॉर्ड व लेडी स्विनफेन यांनी १९९८ साली इंग्लंडात धर्मादाय न्यास काढला. डॉक्टराने रोग्याची छायाचित्रे ई-मेलने धाडावीत, तज्ज्ञाने विनामूल्य सल्ला द्यावा; आरंभ १९९९ मध्ये ढाक्याजवळील सावर येथून झाला. आपल्याकडे २०१९ पासून सरकारी ‘ई-संजीवनी’ लहान आरोग्यकेंद्रांस तज्ज्ञांशी जोडते. विद्या दिल्याने घटत नाही, हे खरे. पण म्हणूनच हे दान दात्यास स्वस्तही पडते, असे आम्हांस वाटते. सल्ला फसला तर? तज्ज्ञाने निदान आठवड्याने रोग्याची वार्ता तरी पुसावी. रोग्याच्या आईस गोंडीत उत्तर द्यावे लागते ते उटनूरच्या डॉक्टरासच.