लज्जा आणि मौन

गेल्या वर्षी असरच्या नमाजनंतर मकतबमधील १४ वर्षांच्या एका मुलाने मला हळूच विचारले, "हजरत, एड्स झालेल्या माणसाने आपल्या हौदावर वुजू केला तर आपल्यालाही तो होतो का?" मी म्हणालो, "असले प्रश्न मस्जिदीत विचारायचे नसतात." मुलगा मान खाली घालून निघून गेला. त्या रात्री मला उमगले की, मी मस्जिदीचा अदब राखला नव्हता. केवळ माझा संकोच राखला होता.

हया हा ईमानचा भाग आहे, हे आपण सारे जाणतो. परंतु हया म्हणजे अज्ञान नव्हे. ह. उम्मे सुलैम (र.) यांनी स्त्रीला स्वप्नावस्था झाल्यास गुस्ल करावे काय, हे प्रत्यक्ष अल्लाहच्या प्रेषितांना (स.) विचारले आणि प्रेषितांनी (स.) त्याचे स्पष्ट उत्तर दिले. दीन शिकण्याच्या आड लज्जा येऊ न देणाऱ्या अन्सारच्या स्त्रियांची ह. आयेशा (र.) यांनी प्रशंसा केली आहे. मदरशात तहारतचे धडे घेताना आम्हीही १२-१३ वर्षांचेच होतो. उस्तादांनी ते गंभीरपणे, स्वच्छ शब्दांत शिकवले.

काही पालक म्हणतात, "एड्सचे भय दाखवा, मुले आपोआप जपून राहतील." पण भय हा कच्चा पहारेकरी आहे. एचआयव्ही शरीरातून समूळ जात नसला, तरी नियमित औषधांनी रुग्ण दीर्घकाळ निरोगी जगतो आणि सरकारी केंद्रांतून ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. मग केवळ रोगाच्या धाकाने सावरलेला मुलगा उद्या कशाच्या आधारे सावरेल? शिवाय रोगालाच पापाची शिक्षा म्हटले, तर निकाहात राहूनही पतीकडून लागण झालेल्या स्त्रीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला आपण काय सांगणार?

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवाव्यात. सूरह बनी इस्राईलमध्ये व्यभिचाराच्या जवळ जाण्यासही मनाई आहे. जगात एकही रोग नसता, तरी हा आदेश असाच राहिला असता. आणि रोगाविषयी वैद्यकीय सत्य सांगावे. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, मुसाफा केल्याने, डास चावल्याने वा हौदाच्या पाण्याने होत नाही. गरमी, परमा हे गुप्तरोग योग्य उपचाराने बरे होतात, लपवल्यास वाढतात. निरोधमुळे संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो, हेही सत्यच आहे. ते सांगणे म्हणजे व्यभिचाराला परवानगी देणे नव्हे. पती-पत्नींपैकी एकाला लागण असेल, तर हेच ज्ञान दुसऱ्याचा जीव वाचवते. आणि कोणी मुलावर जबरदस्ती केली, तर दोष त्याचा नाही. त्याने त्वरित घरी सांगावे, कारण संसर्ग रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ज्या घरात हा विषयच निषिद्ध, तेथे ते मूल कोणत्या शब्दांत सांगेल?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून माफी मागितली आणि उत्तर दिले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आमच्या घरी मामूंचे ताट वेगळे का ठेवतात?"

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि मामूंसोबत एकाच ताटात जेवलो. अल्लाह आपल्या मुलांना पवित्रता देवो आणि आपल्याला त्यांच्याशी खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.