न दिलेले घेणारे आणि द्यायचे ते न देणारे

पंचशीलातले दुसरे शील आपण दर पौर्णिमेला आणि घरातल्या प्रत्येक मंगल प्रसंगी ग्रहण करतो. न दिलेली वस्तू घेण्यापासून मी अलिप्त राहीन, असा त्याचा अर्थ आहे. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. हे शील आपल्याला सोपे वाटते. आपण कष्ट करून खातो, आपण काही चोर नाही, असे मनाशी म्हणून आपण पुढच्या शीलाकडे वळतो.

परंतु शब्द नीट पाहावेत. न ‘दिलेले’ घेऊ नये, असे हे शील सांगते. म्हणजे घेणाऱ्याबरोबर देणाराही त्या शब्दात उभा आहे. मग ज्याला कुणी काहीच दिलेले नाही, त्याने या शीलाचे काय करायचे? आणि शील पाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे?

हा प्रश्न एका जपानी चित्रपटाने फार स्पष्टपणे मांडला आहे. हिरोकाझू कोरे-एदा हे त्याचे दिग्दर्शक. त्याचे मूळ नाव ‘मानबिकी काझोकू’. मानबिकी म्हणजे दुकानातून नजर चुकवून माल उचलणे आणि काझोकू म्हणजे कुटुंब. इंग्रजीत त्याला ‘शॉपलिफ्टर्स’ म्हणतात. २०१८ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात त्याला ‘पाम दोर’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

टोकियो शहरात उंच इमारतींच्या मध्ये अडकलेले एक जुने, मोडकळीला आलेले घर आहे. घर हात्सुए नावाच्या म्हातारीचे. तिच्याबरोबर ओसामू आणि नोबुयो हे जोडपे, आकी नावाची तरुणी आणि शोता नावाचा मुलगा राहतात. ओसामू बांधकामावर रोजंदारी करतो. पायाला इजा होते तेव्हा रोजंदारीचा माणूस म्हणून त्याला भरपाई मिळत नाही. नोबुयो कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिथे आधी कामाचे तास कापले जातात आणि पुढे कामच सुटते. म्हातारीच्या पेन्शनचा सगळ्यांना आधार आहे. उरलेली तूट ओसामू आणि शोता दुकानांतून माल उचलून भरून काढतात. शोता शाळेत जात नाही. ज्यांना घरी शिकता येत नाही तीच मुले शाळेत जातात, असे त्याला सांगून ठेवलेले आहे.

एका थंडीच्या रात्री या बापलेकांना एका घराच्या गॅलरीत कुडकुडणारी लहान मुलगी दिसते. तिचे नाव युरी. ते तिला घरी आणतात, जेवू घालतात. तिच्या अंगावर भाजल्याचे डाग आहेत. ओसामू आणि नोबुयो तिला परत पोहोचवायला जातात, तेव्हा आतून आईबापांचे भांडण ऐकू येते. ही मुलगी आपल्याला नकोच होती, असे तिची जन्मदाती ओरडून सांगत असते. नोबुयोचे पाऊल पुढे पडत नाही. मुलगी त्यांच्याकडेच राहते. मूल बेपत्ता झाल्याची बातमी दूरदर्शनवर येते ती दोन महिन्यांनी, कारण आईबापांनी तोवर तक्रारच केलेली नसते.

या घरात रक्ताने कोणी कोणाचे नाही, हे आपल्याला हळूहळू समजते. शोतालाही असेच एका मोटारीतून उचलून आणलेले असते. आणि तरीही त्या घरात एक घास सगळ्यांत वाटला जातो. नोबुयोच्या हातावर इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे, तसाच युरीच्याही हातावर आहे. आंघोळीच्या वेळी ती चिमुरडी नोबुयोच्या डागावरून हळूच बोट फिरवते. या दोघींना माय-लेकी म्हणायला जन्माचा दाखला कशाला हवा?

जपान हा धनवान देश आहे आणि तेथे बुद्धाचे नाव सुमारे दीड हजार वर्षे घेतले जात आहे. तरीही २०१५ सालच्या तेथील सरकारी आकडेवारीनुसार दर सात मुलांमागे एक मूल सापेक्ष दारिद्र्यात होते. उंच इमारतींच्या सावलीत ते जुने घर दिसत नाही, तसे हे दारिद्र्यही दिसत नाही. दिसते ती फक्त चोरी.

याविषयी तथागतांनी काय सांगितले आहे? दीघनिकायातील चक्कवत्ती-सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. तो राज्याचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते. दारिद्र्य वाढल्यावर एक माणूस न दिलेले घेतो. राजापुढे उभा केल्यावर तो सांगतो की, जगायला काही साधन नाही म्हणून घेतले. राजा त्याला धन देतो. ते ऐकून दुसरेही चोरी करू लागतात. मग राजा धोरण बदलतो आणि चोराचे मस्तक उडवतो. त्यावर लोक शस्त्रे करून घेतात, गावे लुटतात आणि माणसे मारतात. त्यामागून खोटे बोलणे येते आणि इतर सर्व अकुशल कर्मे येतात.

या कथेचा क्रम लक्षात घ्या. साखळीची पहिली कडी चोरी ही नाही. राजाने द्यायचे ते दिले नाही, ही पहिली कडी आहे. चोर पकडल्यावर त्याला एकट्याला दिलेल्या दानाने काही साधले नाही आणि तलवारीनेही काही साधले नाही. मग साधते कशाने? त्याच निकायातील कूटदन्त सुत्तात त्याचे उत्तर आहे. राज्यात लुटारू माजले असता पुरोहित राजाला सांगतो की, फाशीने आणि तुरुंगाने हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतेल, मग लोक निर्भयपणे दारे उघडी ठेवून राहतील. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही स्पष्ट केले आहे की, भगवान बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही.

येथे काही वाचक विचारतील, मग काय गरिबाने चोरी केली तर चालेल? मुळीच नाही. चित्रपटही तसे म्हणत नाही. पाहा, चोरीने त्या घराचे काय होते. शोताचे अक्षरज्ञान अर्धवट राहते. म्हातारी मरते तेव्हा तिची पेन्शन चालू राहावी म्हणून तिला घराखालीच पुरले जाते. ज्या बाईने सर्वांना आसरा दिला तिच्यासाठी चार माणसांत बसून रडण्याची सोय उरत नाही. पुढे शोता पकडला जातो तेव्हा त्याला रुग्णालयात सोडून बाकीचे पळून जाऊ पाहतात. चोरीच्या पायावर उभे राहिलेले प्रेम संकटाच्या रात्री धावून येऊ शकत नाही, कारण त्याला पोलिसाचे भय असते. शील हे दुर्बलांवर लादलेले ओझे नाही. ते दुर्बलांचे घर शाबूत ठेवते, म्हणूनच बाबासाहेबांनी ते आपल्या हाती दिले.

आता या कथेचा गाभा पाहू. शोताला चोरी सोडायला कोणी शिकवले? ओसामू सांगतो की, दुकानातला माल अजून कुणाचाच झालेला नसतो. पोलीस ओसामूला विचारतात, मुलांना चोरी का शिकवलीस? तो म्हणतो, दुसरे काही शिकवण्यासारखे माझ्यापाशी नव्हते. शाळा नाही, विहार नाही, उपदेशक नाही. असे असताना त्या मुलाच्या मनात शील आले कोठून?

ते आले एका लहानशा दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाकडून. शोता आपल्या या नव्या बहिणीला घेऊन त्याच्या दुकानात जातो आणि माल उचलण्याची तिची पहिली वेळ असते. म्हातारा सगळे पाहतो. तो मुलाला थांबवतो, दोघांना खाऊ देतो आणि एवढेच सांगतो की, बहिणीला हे करायला लावू नकोस. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. पुढे एक दिवस ते दुकान बंद दिसते आणि दारावर दुखवट्याची सूचना असते. मुलाच्या मनात म्हाताऱ्याचे शब्द घर करून राहतात. ओसामू एका मोटारीची काच फोडून चोरी करतो, तेव्हा ही वस्तू तर कुणाची तरी आहे ना, असे शोता विचारतो. आणि शेवटी त्याची बहीण एका मोठ्या दुकानात आपणहून माल उचलू लागते, तेव्हा तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून तो मुद्दाम डबे पाडतो, संत्र्यांची पिशवी घेऊन पळतो, पुलावरून उडी टाकतो, पाय मोडून घेतो आणि पकडला जातो.

बंधू-भगिनींनो, दिसायला ही चोरी आहे, पण त्या मुलाच्या आयुष्यातील शीलाचे हे पहिले पाऊल आहे. पोलिसाच्या भयाने तो आजवर सुधारला नव्हता. आपल्यामागे येणाऱ्या लहान जीवाचे वाईट होऊ नये, या मैत्रीतून त्याला चोरीचे वाईटपण कळले. आणि ती मैत्री जागी झाली, कारण ज्याचा माल जात होता त्यानेच रागावण्याआधी काही दिले. शील असे उगवते.

चित्रपटाच्या अखेरीस पोलीस अधिकारी नोबुयोला सुनावतात की, मुलांना आई लागते. ती विचारते, जन्म दिला की बाई आपोआप आई होते का? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, ही तथागतांची शिकवण आहे. तोच न्याय नात्यालाही लागू होतो. परंतु कायदा जन्माकडे पाहतो. युरीला तिच्या जन्मदात्या घरी परत पाठवले जाते आणि ती पुन्हा त्याच गॅलरीत एकटी उभी दिसते. नोबुयो तुरुंगात जाते. तिथून ती शोताला त्याच्या खऱ्या आईबापांच्या शोधाचा धागा सांगते, कारण या मुलाला आपण पुरे पडणार नाही हे तिने ओळखलेले असते. शोता शाळेत जाऊ लागतो आणि चांगले गुणही मिळवतो. प्रेम होते, पण त्याला शाळेची आणि प्रामाणिक भाकरीची जोड नव्हती. ती जोड समाजाने द्यायची होती.

आपल्या देशात तर जन्मावरून चोर ठरवण्याचा कायदाच होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, पण नजर रद्द झाली नाही. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पहिल्यांदा कोणत्या मुलाचे दप्तर उपसले जाते, हे शिक्षक म्हणून मी जाणतो. वाचकांतील अनेकांचे दप्तर लहानपणी असेच उपसले गेले असेल. आज आपल्यातील काही जण शिकले, नोकरीला लागले, पक्क्या घरात राहायला गेले. आता गल्लीतल्या एखाद्या उनाड पोराकडे पाहून आपल्याच तोंडून तेच शब्द निघत असतील, तर आपण धम्म स्वीकारला की फक्त पत्ता बदलला?

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरी मुलांकडून दुसरे शील म्हणवून घेताना त्याच्या दोन्ही बाजू समजावून सांगा: न दिलेले घेऊ नये आणि द्यायचे ते रोखू नये. वस्तीतले मूल चोरी करताना सापडले तर पहिला हात उगारण्यासाठी पुढे करू नका. ते जेवले आहे का, शाळेत जाते का, घरी कोण आहे, हे आधी विचारा. विहाराचे दार संध्याकाळी अशा मुलांच्या अभ्यासासाठी उघडे ठेवा. आणि एखादे टाकलेले किंवा छळलेले मूल आढळले तर नोबुयोसारखे त्याला लपवून ठेवू नका. १०९८ या क्रमांकावर कळवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. पण कळवून मोकळे होऊ नका. त्या मुलाचे पुढे काय झाले याची चौकशी करीत राहा, म्हणजे ते पुन्हा त्याच गॅलरीत एकटे उभे राहणार नाही.

पुढच्या पौर्णिमेला दुसरे शील ग्रहण कराल तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा. मी कुणाचे न दिलेले घेतले नाही, हे खरे. पण जे देणे माझ्या हातात होते, ते मी कुणाला दिले का?

जय भीम.