जामिनाची सही

कराड, रविवार

चि. धाकटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशी म्हणून वाचलं, तेव्हा रागाने हात थरथरले. दुसऱ्यांदा पतसंस्थेत एकतीस वर्षं कर्जखाती सांभाळलेली बाई म्हणून वाचलं. हे उत्तर त्या दोघी मिळून लिहितायत.

‘मैत्री तोडू का?’ असं विचारलंयस आणि पैशाचं एका ओळीत उरकलंस. मी पैशापासूनच सुरू करते. तो भाग सोपा आहे आणि तो बाजूला काढल्याशिवाय दुसरा नीट दिसायचा नाही.

‘नुसती सही आहे गं,’ असं म्हणून तुझ्या मैत्रिणीने तिच्या कर्जाचा जामिनाचा अर्ज तुझ्यापुढे सरकवला. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. नुसती सही कधीच नसते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी तिच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या,’ असं तुला म्हणता येणार नाही. थकलेल्या रकमेसाठी पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकांकडे वसुली दाखला मागते, आणि तो निघाला की गोष्ट जप्तीपर्यंत जाऊ शकते. म्हणून नोटीस जपून ठेव, सुनावणीची तारीख चुकवू नकोस, खात्याचा उतारा मागून घे. काही भरावं लागलंच तर तुझ्या खात्यातून भर आणि पावती स्वतःच्या नावाने घे. भरलेले पैसे तिच्याकडून मागायचा हक्क तुला कलम 145 देतं, पण दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून 3 वर्षं. तिच्याकडून आत्ताच लेखी घे. मैत्रिणीकडून लिहून कसं घ्यायचं, असं वाटेल तुला. घे. तिच्या शब्दावर विसंबायचे दिवस तिनेच संपवलेत.

झाला पैशाचा भाग.

आता तू जिथे अडकलीयस तिथे येते. तुझ्या पत्रात चार लाखांचा आकडा एकदाच आला आणि संक्रांत तीनदा आली. हप्ते ऑगस्टपासून थकलेले. तिच्या घरी पहिली नोटीस नोव्हेंबरात पोचलेली. जानेवारीत तू तिच्याकडे हळदीकुंकवाला गेलीस, तिने तुला तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला, दोन तास गप्पा झाल्या. ‘कर्जाचं काय गं?’ असं तू आपणहून विचारलंस आणि ती म्हणाली, ‘वेळेवर चाललंय सगळं.’ नोटीस तेव्हा त्याच घरात होती. पुढच्या महिन्यात तुझ्या ऑफिसात शिपायाने सगळ्यांदेखत पाकीट आणून दिलं. तुला लागलंय ते हे. तिचा धंदा बसला यात विश्वासघात नाही. कपड्यांची दुकानं बसतात, माणसं मेहनत करूनही बुडतात. तू विचारलंस आणि ती खोटं बोलली, घाव तिथे आहे.

माझा अनुभव सांगते. हप्ता थकला की काही कर्जदार पहिल्याच महिन्यात जामीनदाराला घेऊन काउंटरवर यायचे. मान खाली असायची, पण यायचे. काही रस्ता बदलायचे. दोघांचीही परिस्थिती पुष्कळदा सारखीच असायची. लपवणारे सगळे लबाड होते असं मी म्हणणार नाही. लाज ही फार वाईट गोष्ट आहे, एका महिन्याचं न बोलणं ती बघता बघता सात महिन्यांचं करते.

आणि इथे तुला एक विचारायचंय, रागावू नकोस. जावईबापू काय म्हणतात, ते तू लिहिलं नाहीस. बहुतेक त्यांना तू सांगितलेलंच नाहीस. तीन आठवडे झाले. सकाळ-संध्याकाळ समोर बसून जेवता आणि रोज वाटतं, उद्या सांगू. तुझं लपवणं आणि तिचं लपवणं एका मापाचं नाही, तिने तुला खड्ड्यात घालून लपवलं. पण ते आतून कसं घडत जातं, हे आज तुझ्याइतकं कोणाला कळणार? आज रात्री त्यांना सांग. ते झाल्यावरच तिच्याकडे जा.

हो, जायचंच आहे. ठरवायच्या आधी जायचं.

ताई म्हणते, दूध नासलं ते नासलं, तोडून टाक. तिची माया तुझ्यावर आहे म्हणून ती तसं म्हणते. पण ताईच्याच आजारपणात सिव्हिलमध्ये सहा रात्री जमिनीवर सतरंजी टाकून कोण झोपलं होतं, हेही मला आठवतं. त्या रात्री खोट्या नव्हत्या आणि संक्रांतीचं बोलणं खरं नव्हतं. एकाने दुसरं पुसलं जात नाही, म्हणून वजाबाकी करत बसू नकोस.

माझं सांगते, तुला हे कोणी सांगितलेलं नसेल. नोकरीत माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. शेजारची खुर्ची, एकच डबा. मी दुसरीकडे अर्ज केलाय हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिने ते वर सांगितलं. माझी बढती गेली, तिची झाली. मला कळलं होतं. मी तिला कधीच बोलले नाही. भांडण नको, डबा एकटीने खायला नको, म्हणून गिळलं. नंतर चौदा वर्षं आम्ही शेजारी बसलो. मी तिच्या मुलीच्या लग्नात राबले. पण तिच्याशी बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासून घ्यायचे. ती बदली होऊन नाशिकला गेली त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची अजून लाज वाटते. मी मैत्री तोडली नाही, राखलीही नाही. तिला उत्तर द्यायची संधीच दिली नाही.

तू तसं करू नकोस. तिला भेट, घरी नको, जिथे मुलं आणि सासूबाई नसतील अशा ठिकाणी भेट. तुला काय काय माहीत आहे ते तारखांसकट सांग आणि मग गप्प बस. तिला बोलू दे. रडेल, त्यावर जाऊ नकोस. रडणं खरं असलं तरी त्याने काही ठरत नाही. न विचारता ती काय सांगते तिकडे कान ठेव. आणखी कुठे उसने आहेत का? संस्थेने दुसरा जामीनदार घेतला असेल, त्याला तिने सांगितलंय का? तुला अजून न कळलेली, तिला अडचणीत आणणारी एखादी गोष्ट तिने आपणहून पुढे ठेवली तर तिथे अजून काही शिल्लक आहे. तुझ्याकडे कागद आहेत तेवढंच ती कबूल करत गेली तर समज, ती अजून तुझ्यापासून स्वतःला वाचवतेय.

त्याच बैठकीत माफीही उरकू नकोस. द्रोणाने तेच केलं होतं. माझं राज्य तुझंही म्हणणाऱ्या द्रुपदाने दारात आलेल्या मित्राला ओळख दिली नाही, तेव्हा द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं, अहिच्छत्राकडचं अर्धं राज्य ठेवून घेतलं, उरलेलं परत केलं आणि म्हणाला, आता आपण बरोबरीचे, आता मैत्री. द्रुपदाने मान डोलावली, आणि मग द्रोणाला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला. वसुली आणि समेट एकाच दमात करायला गेलं की मान डोलते, मन तिथेच राहतं. हप्ते फिटले म्हणून तिला जवळ घ्यायलाच हवं असं नाही. फिटले नाहीत म्हणून वैर धरायलाही नको. माफ करूनही तू तिच्यापासून लांब राहू शकतेस. वाढदिवसाला फोन, लग्नकार्यात भेट, एवढंच नातं उरलं तरी त्यात कमीपणा नाही.

कॉलेजच्या ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकू नकोस. तिथे पडलं की निर्णय तुमच्या दोघींचा राहत नाही.

तो डबा माळ्यावर टाकलास असं लिहिलंयस. असू दे तिथेच. आज फेकायचा नाही, वापरायचाही नाही.

सुनावणीची तारीख कळव, आदल्या दिवशीच्या एस.टी.ने येते. उतारा आणि कर्जरोख्याची नक्कल तेवढी काढून ठेव.

तुझी,
मावशी