गहाण घर आणि न कोमेजणारा मुकुट

(मननासाठी : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ९, ओव्या २४ ते २७)



चैत्र लागला की आपल्या शिरूर-दौंड भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा भरतो. हलगी कडाडू लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग हळूहळू इनामाचा आकडा वाढत जातो आणि शेवटच्या कुस्तीला सारे गाव उभे राहते. जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अशी रेवडीची कुस्ती केली असेल. ती जिंकली की हरली हे विसरलो असलो, तरी पाठीला लागलेली माती मात्र आठवते.

संत पौलालाही असे आखाडे ठाऊक होते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. त्यांत धावण्याच्या शर्यती, कुस्ती, मुष्टियुद्ध असे खेळ असत. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला, तंबू शिवण्याचे काम करून पोट भरत राहिला. म्हणूनच करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना त्याने धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचाच दाखला घेतला. तो त्यांना सांगतो की खेळाडू सर्व बाबतीत संयम पाळतो, आणि तोही कशासाठी, तर झाडपाल्याच्या मुकुटासाठी, जो काही दिवसांत सुकून जातो. आपल्यासमोर तर कधीच न कोमेजणारा मुकुट आहे. मग आपण किती संयमाने धावायला हवे?

हा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. ऐकून आपण ठरवतो, “बरे, आता अधिक प्रयत्न करू,” आणि आठ दिवसांत थकतो. कारण ख्रिस्ती जीवन म्हणजे आपल्या एकट्याच्या दंडातली ताकद, असा आपला समज होतो. खेळ नीट पाहिला तर तो वेगळेच काही शिकवतो. त्यासाठी आज आपल्याच महाराष्ट्रातील एका पैलवानाची गोष्ट आठवू या.

कोणीतरी घर गहाण ठेवले

खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. घरात कुस्तीची परंपरा होती, वडील स्वतः पैलवान होते. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. सारा जन्म लाल मातीत कुस्ती खेळलेला हा गडी तिथे गादीवर उतरला आणि तरीही सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला पुन्हा जायचे होते, पण पैसे नव्हते. गावकऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात मूळ गोव्याच्या घराण्यातील लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये ते मिळवले. खाशाबा परतले तेव्हा त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण आपल्या मनात राहावी अशी गोष्ट त्यानंतरची आहे. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या खेळले, आणि त्या पैशांतून आपल्या गुरुजींचे घर सोडवून दिले.

बंधु-भगिनींनो, या गोष्टीत आपले सारे ख्रिस्ती जीवन आहे. हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा एकटे दिसत होते, पण ते एकटे नव्हते. त्यांच्या पाठीशी एक गहाण घर उभे होते. आपणही या जगाच्या आखाड्यात एकटे उतरलेलो नाही. आपल्यासाठी देवाने आपले घर नव्हे, आपला एकुलता एक पुत्र दिला. प्रभू येशूने क्रूसावर स्वतःला गहाण ठेवले आणि आपल्याला सोडवले. आपण लायक होतो म्हणून नव्हे. आपण अजून पापी असतानाच त्याने हे केले, असे संत पौल रोमकरांस सांगतो. याच देणगीला आपण कृपा म्हणतो. आपली प्रार्थना, आपला उपवास, आपला संयम ही त्या कृपेची किंमत नव्हे. ते आपले ‘धन्यवाद’ आहेत.

खाशाबांना गुरुजींचे ऋण फेडता आले. आपल्याला देवाचे ऋण फेडता येणार नाही. पण देवाने एक वाट ठेवली आहे. तो म्हणतो, माझ्या या लहानातल्या लहान बांधवासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले. आपल्याला जे फुकट मिळाले त्याची परतफेड शेजाऱ्याच्या दारात करायची आहे.

आणि आपल्यासाठी घर गहाण ठेवणारे आणखीही आहेत. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालून मिस्साला जाणारे आपले आजी-आजोबा, दिवाबत्तीच्या वेळी पोरांना मांडीवर घेऊन पवित्र माळेची प्रार्थना शिकवणारी आई, तुटपुंज्या मानधनावर वस्तीवस्तीत फिरलेले धर्मशिक्षक. त्यांनी सोसले म्हणून आज आपल्या हाती श्रद्धा आहे. ती आपण पुढच्या पिढीला देणार आहोत की आपल्यापाशीच संपवणार आहोत?

तालमीत कोणी टाळ्या वाजवत नाही

आखाड्यातली कुस्ती पाच-दहा मिनिटांत निकाली निघते. पण त्या मिनिटांसाठी पैलवान वर्षभर पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, माती उकरतो, वस्तादांचे बोलणे खातो. तालमीत हलगी वाजत नाही, फेटा कोणी बांधत नाही. जो यात्रेच्या आदल्या दिवशी लंगोट शोधतो त्याचे दुसऱ्या दिवशी काय होते हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या श्रद्धेचेही असेच आहे. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला आपले मंदिर भरून जाते, आणि ते पाहून आनंद होतो. पण संकट सणाच्या दिवशी येत नाही. ते मंगळवारी दुपारी येते. पाऊस दडी मारतो, उसाचे पैसे लांबतात, दवाखान्यातून वाईट बातमी येते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. त्या दिवशी प्रार्थना शिकायला वेळ नसतो. रोजच्या तालमीत जी प्रार्थना ओठांवर बसली असेल तीच त्या दिवशी उपयोगी पडते.

ही तालीम फार अवघड नाही. सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण करून दिवस देवाच्या हाती देणे, जेवणाआधी दोन शब्द, झोपण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून पाच मिनिटे, रविवारची मिस्सा, आणि रागाच्या भरात तोंडावर आलेला एक शब्द गिळणे. कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण गुप्तपणे पाहणारा पिता हे सारे पाहतो.

प्रतिस्पर्धी कोण?

पैलवानाला आपली जोड कोण हे नीट ठाऊक असते. आपले मात्र इथेच चुकते. आपण भलत्याच माणसाशी कुस्ती धरतो. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात, शांतीचे अभिवादन करताना मात्र मान दुसरीकडे वळवतात. सासू-सुना, जावा-जावा यांच्यातला अबोला आपल्याला नवा नाही.

संत पौल इफिसकरांस पत्र लिहिताना स्पष्ट बजावतो की आपले झगडणे हाडामांसाच्या माणसांशी नाही, तर वाईटाच्या शक्तींशी आहे. आपली खरी जोड समोरचा भाऊ नव्हे. आपली जोड आपल्या मनातला अहंकार, पगाराच्या दिवशी पाय वळवणारी दारूची बाटली, दुसऱ्याचे बरे झाले की पोटात उठणारी कळ. यांना चितपट केले तर तो विजय. भावाला चितपट करून मिळवलेला बांध म्हणजे हरलेली कुस्ती, मग कोर्टाचा निकाल काहीही असो.

अडथळे शर्यतीतच असतात

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे नाव आपल्या तरुणांना ठाऊक आहे. दुष्काळी भागातल्या शेतकरी घरातला हा मुलगा पुढे सैन्यात गेला आणि ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत नावारूपाला आला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

या शर्यतीत धावणारा कोणीही अडथळा दिसला म्हणून तक्रार करत नाही, कारण अडथळे हाच त्या शर्यतीचा भाग आहे. आपण मात्र दुःख आले की विचारतो, “देवा, मीच का?” हा प्रश्न विचारण्यात पाप नाही, स्तोत्रकर्त्यांनीही तो विचारला आहे. पण प्रभूने आपल्याला सपाट रस्त्याचे वचन कधी दिले नाही. आपला क्रूस उचलून माझ्यामागे या, असे त्याने सांगितले आणि स्वतः पुढे चालला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे की आपण सर्व भार आणि आपल्याला गुंतवणारे पाप टाकून, येशूकडे दृष्टी लावून धीराने धावावे. अंगावर जुन्या वैराचे पोते घेऊन कोणाला अडथळा ओलांडता येईल?

बाद झालेला गडी

आता आपल्या पोरांच्या कबड्डीकडे पाहू या. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो. तो कितीही बलवान असला तरी स्वतःहून आत येऊ शकत नाही. त्याच्या संघातला दुसरा कोणी विरुद्ध बाजूचा गडी बाद करतो, तेव्हा हा पुन्हा जिवंत होतो आणि मैदानात येतो. ‘जिवंत होणे’ हा शब्द खेळातलाच आहे, पण आपल्याला त्यात पुनरुत्थानाचा अर्थ दिसावा.

आपल्यातील काही जण असे रेषेबाहेर बसले आहेत. कोणी व्यसनात अडकला, कोणाच्या हातून मोठी चूक घडली, कोणी लाजेने वर्षानुवर्षे पापनिवेदनाला आलेला नाही. “आता कोणत्या तोंडाने देवळात जाऊ?” असे तो मनाशी म्हणतो. त्या बंधूला, त्या भगिनीला आम्ही सांगू इच्छितो की तुमचा खेळ संपलेला नाही. तुमच्यासाठी प्रभू येशूने मरणालाच बाद केले आहे. तुम्ही केवळ आत यायचे आहे. आणि आत असलेल्यांनी त्यांच्यासाठी जागा करायची आहे, बोट दाखवायचे नाही. तालमीत रोज शंभर वेळा पाठ मातीला लागते, म्हणून कोणी पैलवानाला तालमीतून हाकलत नाही.

फेटे आणि मुकुट

जगाचे फेटे लवकर उतरतात. खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो निधनानंतर. देवाचा हिशेब असा विसरत नाही.

इटलीतील तुरिन शहरात पिअर जॉर्जो फ्रासाती नावाचा एक तरुण होता. श्रीमंत घरातला, डोंगर चढण्याचा मोठा शौकीन. खिशातले पैसे तो गरिबांना देई आणि मग ट्रामचे भाडे न उरल्याने पळत घरी जाई. १९२५ साली, अवघ्या २४ व्या वर्षी तो पोलिओने वारला. त्याच्या अंत्ययात्रेला शहरातले गोरगरीब लोटले, तेव्हा कुठे घरच्यांना कळले की हा मुलगा काय करत होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. खेळाच्या मैदानातूनही संतपणाची वाट जाते, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

संत पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, आपण धाव संपवली आणि विश्वास राखला असे सांगितले आहे. आपण पहिला आलो असे तो म्हणत नाही. आणि नीतिमत्त्वाचा मुकुट एकट्या आपल्यासाठी नव्हे, तर प्रभूच्या येण्याची प्रेमाने वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी आहे, असेही तो लिहितो. जगाच्या शर्यतीत एकाला सुवर्ण मिळते. या शर्यतीत मागून येणाऱ्याला हात देणारा कधीच मागे पडत नाही.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. घरात रोज रात्री पाच मिनिटे एकत्र प्रार्थना करू. ज्याच्याशी अबोला आहे अशा एका माणसाच्या दारी जाऊ. आणि पुष्कळ दिवसांत मंदिरात न दिसलेल्या एका व्यक्तीला पुढच्या रविवारी सोबत घेऊन येऊ.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी स्वतःला अर्पण केलेस. आम्ही पडलो तर आम्हांला उठव, थकलो तर बळ दे, आणि जिंकलो तर ज्यांच्या त्यागावर आम्ही उभे आहोत त्यांना विसरू देऊ नकोस. पवित्र मरीये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.