गाठ फुप्फुसात, की मनात?





मी भिक्खू नाही, की पाली भाषेचा पंडित नाही. तालुक्याच्या गावी मुलांना शिकवणारा एक शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणून आज जे सांगणार आहे ते ग्रंथातले कमी आणि घरातले जास्त आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या कमरेत असह्य कळ उठली. मुतखडा असावा म्हणून डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितला. खडा निघाला आणि काही दिवसांत पडूनही गेला. परंतु अहवालाच्या अगदी शेवटी एक ओळ होती : उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ७ मिलीमीटरची गाठ. पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा खालचा भाग येतोच. शोधायला गेलो एक आणि सापडले दुसरेच.

त्या एका ओळीने घराची झोप उडवली. येथे मला माझी लाज सांगितली पाहिजे. घरात सर्वांत जास्त शिकलेला मी, आणि सर्वांत जास्त घाबरलो तोही मीच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधत बसलो. वाईट तेवढे वाचले, बरे ते सोडून दिले. सकाळी वर्गात खडू हातात घेऊन फळ्यापुढे उभा राहिलो, तर काय लिहायचे तेच आठवेना. आबांना आम्ही काही सांगितले नव्हते. पण घरातली कुजबुज त्यांना कळत नव्हती काय? त्यांनी जेवण कमी केले आणि ओट्यावर एकटे बसू लागले.

तिसऱ्या दिवशी चुलते आले. आमच्या घराने २०२२ साली धम्मदीक्षा घेतली. त्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, "देव्हारा हलवलात, तिथंच चुकलं. कुळाच्या देवीचा कोप हाय ह्यो. अजून येळ गेली न्हाई, जाणत्याला इचारू." चुलते वाईट मनुष्य नव्हेत. भावावरच्या मायेपोटीच ते बोलत होते. आणि खरे सांगतो, क्षणभर माझेही मन डळमळले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला मी, पण मनात म्हणालो, विचारून पाहायला काय हरकत आहे? भय माणसाला असे नकळत जुन्या उंबरठ्यावर नेऊन उभे करते.

त्या वेळी माझी निरक्षर आई बोलली, "इचारायचंच हाय, तर ज्याला फुप्फुसातलं कळतं त्याला इचारा."

आम्ही आबांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी आबांनाच प्रश्न विचारले. खोकला आहे का, थुंकीतून रक्त जाते का, वजन घटले का, पूर्वी क्षय झाला होता का, विडी किती वर्षे ओढता? मग समजावून सांगितले. फुप्फुसातील बारीक गाठ म्हणजे कर्करोगच, असे नाही. आपल्या देशात जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही असे दिसतात. ६ मिलीमीटरपेक्षा लहान गाठीसाठी बहुतेकांना पुढच्या तपासणीची गरजही नसते. आबांची गाठ त्याहून थोडी मोठी आणि विडीची सवय जुनी, म्हणून सहा महिन्यांनी पूर्ण छातीचा स्कॅन करून गाठ वाढली की तशीच आहे, हे पाहायचे. एवढ्या लहान गाठीत सुई घालणे अवघड असते, आणि त्यात धोकाही असतो. म्हणून थांबून पाहणे हाच येथे उपाय. मात्र विडी आजच बंद.

पुढे मी शांत डोक्याने वाचले, तेव्हा अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीची माहिती मिळाली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे खूप धूम्रपान केलेली ५३ हजारांहून अधिक माणसे तिच्यात होती. त्यांतील ज्यांची तपासणी सीटी स्कॅनने झाली, त्यांच्या संशयास्पद ठरलेल्या दर शंभर निष्कर्षांपैकी सुमारे ९६ कर्करोगाचे नव्हते. हीच माहिती पहिल्या रात्रीही माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये होती. पण भयाने ती मला दिसू दिली नाही.

बंधूंनो, आता धम्माकडे वळू. देवीचा कोप म्हणणाऱ्याला आपण एकच प्रश्न विचारावा. ही गाठ केव्हाची? स्कॅनने गाठ निर्माण केली नाही, फक्त दाखवली. ती दीक्षेच्या आधीचीही असू शकेल. तथागतांनी शिकवले की कारणावाचून कार्य घडत नाही. कारण शोधायचे ते विडीत, धुरात, जुन्या रोगात. हलवलेल्या देव्हाऱ्यात ते सापडणार नाही.

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, छाती पिटतो, तो दुसरा बाण. ज्ञानी श्रावकाला पहिलाच बाण लागतो, दुसरा लागत नाही. हा दृष्टांत मी अनेकदा ऐकला होता, पण माझ्या घरी त्याचा अर्थ उमगला. आबांना खोकला नव्हता, ताप नव्हता, दुखत नव्हते. पहिला बाण लागला आहे की नाही हेच ठाऊक नव्हते, आणि आम्ही सारे दुसऱ्या बाणाने घायाळ होऊन पडलो होतो!

मग हा दुसरा बाण काढावा कसा? 'काळजी करू नका' असे म्हटल्याने तो निघत नाही. अंगुत्तरनिकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ जोडप्याची हकिकत आहे. नकुलपिता फार आजारी पडला. त्याची पत्नी रडत बसली नाही. तिने त्याच्या मनातली एकेक चिंता ओळखली आणि एकेकीला उत्तर दिले. मी सूत कातू शकते, लोकर विंचरू शकते, मुले सांभाळीन, घर चालवीन, शील सोडणार नाही. त्याचे भय शमले. पुढे तो बरा होऊन काठी टेकत तथागतांकडे गेला, तेव्हा तथागतांनी त्या उपासिकेची प्रशंसा केली. शब्दांनी रोग जातो असे मी म्हणत नाही. पण निनावी भीतीला नाव दिले की ती हाताळता येते, हे मी पाहिले आहे.

डॉक्टरांकडून आलो त्या रात्री आई आबांजवळ बसली. म्हणाली, "मनात काय हाय ते बोला. गिळू नगा." बराच वेळ आबा गप्प होते. मग हळूहळू बोलले. मरणाची त्यांना फारशी भीती नव्हती. पतसंस्थेच्या कर्जाचे चौदा हप्ते राहिले होते. धाकटीचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष होते. आई म्हणाली, "हप्ता मास्तर भरंल. पोरीची फी मी शेळ्या इकून भरीन. तिचं शिक्षण थांबनार न्हाई. आनखी काय?" आबा म्हणाले, "आनखी काय न्हाई." त्या रात्री ते दोन भाकरी जेवले.

म्हणून उपासक-उपासिकांनो, आपल्या घरी असा अहवाल आला तर तो पेटीत दडवू नका आणि देवऋषाकडेही नेऊ नका. दडवणे आणि धावणे, दोन्ही एकाच भयाची लेकरे आहेत. डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : काय दिसले, केवढे आहे, पुढची तपासणी केव्हा, आणि कोणता त्रास झाला तर त्याआधीच यायचे. जुनी फिल्म वा सीडी जपून ठेवा, पुढे तुलनेला तीच उपयोगी पडते. तारीख चुकवू नका. काही वाईट निघालेच, तर लवकर कळले म्हणून उपचारालाही वाव जास्त. ज्याचा अहवाल आहे त्याच्यापासून तो लपवू नका. रात्री मन सैरभैर झाले तर आनापानसती करा. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहा. भय आले आहे हे ओळखा, त्याच्याशी वाद घालू नका.

आबांचा दुसरा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. काय निघेल ते आज कोणालाही ठाऊक नाही. मलाही नाही. मध्यरात्री अजून कधी कधी छातीत धडधडते. पण आबांनी विडी सोडली आहे, हप्ता वेळेवर जातो आहे आणि चुलतेही तारखेची चौकशी करतात. म्हणतात, "मी बी येतो संगं." मी त्यांना 'या' म्हटले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.